हेलसिंकी–टोकियो : ७,८३० किलोमीटर आणि तेरा तास

दोन शहरांची नावे दिली की त्यांच्यातील अंतर आणि विमानाला लागणारा वेळ हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून देणाऱ्या कोष्टकांची आपल्याला चांगलीच सवय झाली आहे. हेलसिंकी आणि टोकियो या जोडीसाठी असा हिशेब केला, तर सुमारे ७,८३० किलोमीटर आणि नऊ तास बारा मिनिटे असे उत्तर मिळते. यातला पहिला आकडा बरोबर आहे, आणि दुसराही फेब्रुवारी २०२२ पर्यंत पुष्कळसा बरोबर होता. त्यानंतर मात्र याच दोन विमानतळांमधील थेट उड्डाणाला तेरा तासांच्या आसपास वेळ लागू लागला. शहरे जागची हललेली नाहीत, विमान त्याच बनावटीचे आहे आणि त्याचा वेगही तोच आहे. वाढलेले हे जवळजवळ चार तास कुठून आले, हे टप्प्याटप्प्याने पाहिले की ‘अंतर भागिले वेग’ या शाळकरी सूत्रात किती गोष्टी गृहीत धरलेल्या असतात ते उघड होते. या अभ्यासासाठी हीच जोडी निवडण्याचे कारणही तेच आहे, कारण येथे बाकी सर्व घटक जवळपास कायम राहिले आणि केवळ मार्ग बदलला.

दोऱ्याने मोजलेले अंतर

हेलसिंकीचा वान्ता विमानतळ ६०.३ अंश उत्तर अक्षांशावर आणि २५ अंश पूर्व रेखांशावर आहे. टोकियोचा नारिता विमानतळ ३५.८ अंश उत्तर आणि १४०.४ अंश पूर्व येथे आहे. दोघांच्या रेखांशांतील फरक ११५.४ अंश भरतो. गोलावरील दोन बिंदूंमधील कोन काढण्यासाठी दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार घ्यायचा आणि त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा व रेखांशांतील फरकाच्या कोसाइनचा गुणाकार मिळवायचा. येथे पहिली संख्या ०.५०८ येते. रेखांशांतील फरक नव्वद अंशांहून अधिक असल्यामुळे दुसरी संख्या ऋण, म्हणजे उणे ०.१७३ येते. बेरीज ०.३३५, आणि ही ज्या कोनाची कोसाइन आहे तो कोन ७०.४ अंशांचा. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर ७,८३० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने वेगवेगळ्या कोष्टकांत थोड्या किलोमीटरांचा फरक दिसतो. त्याने काही बिघडत नाही. शहराच्या मध्यापासून मोजले की विमानतळापासून, यानेही आकडा बदलतो, कारण नारिता टोकियोच्या मध्यवर्ती भागापासून सुमारे साठ किलोमीटर पूर्वेला आहे.

आकडेमोड नको असेल, तर तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल आणि शिवणकामाचा दोरा एवढ्यावर काम भागते. दोऱ्याचे एक टोक हेलसिंकीवर आणि दुसरे टोकियोवर धरून तो ताणला की त्याची लांबी १८.४ सेंटिमीटर भरते. दोरा कुठून जातो हे पाहणे लांबीपेक्षाही उद्‌बोधक आहे. टोकियो हेलसिंकीपेक्षा पंचवीस अंश दक्षिणेला असूनही ताणलेला दोरा निघताना ईशान्येकडे चढतो, आर्क्टिक वृत्त ओलांडतो, ओब नदीकाठच्या सालेखार्द शहराच्या किंचित उत्तरेला ६७ अंशांपलीकडचा आपला सर्वोच्च बिंदू गाठतो आणि तेथून सायबेरियावरून तिरपा उतरत जपानच्या समुद्रावर येतो. टोकियोला पोहोचताना त्याची दिशा दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला झुकलेली असते. याला बृहद्‌वृत्त मार्ग म्हणतात. भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेषा मात्र पूर्वेकडे, जराशी दक्षिणेला झुकलेली जाते आणि डोळ्यांना तीच सरळ वाटते. तीच रेषा गोलावर उतरवली, तर दोरा २०.७ सेंटिमीटर लागतो. म्हणजे ८,७८० किलोमीटर. साडेनऊशे किलोमीटरचा, अर्थात तासाभराच्या उड्डाणाचा फरक केवळ कागद सपाट असल्यामुळे पडतो.

या दोऱ्याकडे राजकीय सीमांच्या नजरेने पाहिले की प्रकरणाचे मर्म लक्षात येते. निघाल्यावर चारेकशे किलोमीटरवर फिनलंडची हद्द संपते. त्यानंतर जपानच्या समुद्रापर्यंत, मधला चीनच्या ईशान्य कोपऱ्याचा लहानसा तुकडा सोडला, तर सगळी वाट रशियावरून आहे. एकूण अंतराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग एकाच देशाच्या हवाई हद्दीत, अशी ही रचना आहे.

साडेनऊ तासांचा हिशेब

कोष्टकातले नऊ तास बारा मिनिटे कसे येतात हेही पाहायला हवे. ताशी ९०० किलोमीटर हा मोठ्या जेट विमानाचा सरासरी वेग धरायचा, अंतराला त्याने भागायचे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वाढवायचा, अशी ही साधी पद्धत आहे. ७,८३० भागिले ९०० म्हणजे ८.७ तास, अधिक अर्धा तास. वेळापत्रकात मात्र नऊ तास बारा मिनिटे दिसत नसत. टोकियोकडे जाताना साडेनऊ तासांच्या आगेमागे आणि परतताना दहाच्या आसपास असे आकडे असत. याची कारणे दोन.

पहिले कारण असे की, वेळापत्रकातील वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, आपली पाळी येईपर्यंत ताटकळणे, थंडीच्या दिवसांत पंखांवरचे बर्फ द्रवाच्या फवाऱ्याने काढून घेणे, हे सारे तिच्यात येते. हेलसिंकीसारख्या ठिकाणी हिवाळ्यात ही शेवटची बाब किरकोळ नसते.

दुसरे कारण वाऱ्याचे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोतवारे जपानच्या आकाशात हिवाळ्यात अतिशय जोरदार असतात. ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेग तेथे नवलाचा नाही. या वाऱ्यांची पद्धतशीर नोंद प्रथम जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात, टोकियोजवळच्या तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून केली. आपला अहवाल त्यांनी १९२६ मध्ये एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केला. जगाने वाचावे म्हणून निवडलेल्या भाषेमुळेच तो कुणी फारसा वाचला नाही, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. संपूर्ण मार्गावर सरासरी ताशी ५० किलोमीटर वारा पाठीशी आहे असे धरले, तर जमिनीच्या संदर्भातील वेग ९५० होतो आणि ७,८३० किलोमीटर सव्वाआठ तासांत कापले जातात. तोच वारा समोरून आला तर वेग ८५० आणि वेळ नऊ तास तेरा मिनिटे. जाण्यायेण्यातला तासाभराचा फरक हा असा पडतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून एका बाजूला कमी वेळ लागतो, हे स्पष्टीकरण वारंवार ऐकू येते, पण ते चुकीचे आहे. विमान ज्या हवेत उडते ती हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते.

आकाश बंद झाल्यावर

युक्रेनवरील आक्रमणानंतर २७ फेब्रुवारी २०२२ रोजी युरोपीय संघाने आपली हवाई हद्द रशियन विमानांना बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी रशियाने फिनलंडसह ३६ देशांच्या विमानकंपन्यांना आपली हद्द बंद केली. युरोपातील अनेक कंपन्यांना याची झळ बसली, पण फिनएअरइतकी क्वचितच कुणाला. युरोपातून पूर्व आशियाला जाणारी सर्वांत जवळची वाट हेलसिंकीवरून जाते, या भौगोलिक वस्तुस्थितीवरच त्या कंपनीने आपला व्यवसाय उभा केला होता. युरोपभरातील प्रवासी हेलसिंकीत आणायचे आणि तेथून सायबेरियावरून पूर्वेला न्यायचे, अशी तिची घडी होती. वाटेचा तीन-चतुर्थांश भाग एका रात्रीत नाहीसा झाल्यावर मार्च २०२२ मध्ये कंपनीने नारिताची सेवा पुन्हा सुरू केली, ती सुमारे तेरा तासांच्या उड्डाणाची.

रशियाला वळसा घालायचा तर वाटा दोनच. दक्षिणेची वाट बाल्टिक देश आणि पोलंडवरून खाली उतरते, युक्रेनही टाळायचे असल्याने रोमानिया-बल्गेरियाकडून काळ्या समुद्राच्या दक्षिण काठाने तुर्कस्तान गाठते आणि जॉर्जिया, अझरबैजान, कॅस्पियन समुद्र, कझाकस्तान, चीन व दक्षिण कोरिया यांवरून जपानला पोहोचते. रशिया आणि इराण यांच्यामधल्या कॉकेशसच्या चिंचोळ्या पट्ट्यातून सगळी वाहतूक जात असल्याने तेथे दाटीही होते. वाटेतल्या शहरांमधील अंतरे जोडत गेल्यास ही वाट साडेअकरा हजार किलोमीटरच्या घरात जाते.

उत्तरेची वाट ध्रुवावरून जाते. हेलसिंकीहून नॉर्वे आणि स्वालबार्डवरून उत्तर ध्रुव ३,३०० किलोमीटर. ध्रुवावरून १४० अंश पूर्व रेखावृत्त धरून सरळ खाली उतरता आले असते, तर टोकियो आणखी ६,०३० किलोमीटरवर, म्हणजे एकूण ९,३३० किलोमीटरवर होते. पण ते रेखावृत्त नेमके याकुतियावरून, म्हणजे पुन्हा रशियावरूनच जाते. म्हणून ध्रुव ओलांडल्यावर अलास्काच्या बाजूला झुकून बेरिंगची सामुद्रधुनी गाठायची (२,७०० किलोमीटर), तेथून अल्यूशन बेटांच्या पश्चिम टोकापर्यंत उतरायचे (१,८०० किलोमीटर) आणि मग कामचात्का व कुरील बेटे उजव्या हाताला ठेवत प्रशांत महासागरावरून जपान गाठायचे (सुमारे ३,१०० किलोमीटर). बेरीज १०,९०० किलोमीटर. गोलावरचा आपला दोरा आता १८.४ ऐवजी २५.७ सेंटिमीटर लागतो. प्रत्यक्ष हवाई मार्ग ठराविक बिंदूंमधून वळणे घेत जातात, त्यामुळे खरी वाट याहून लांब असते.

उजव्या हाताची सीमा काटेकोरपणे सांभाळावी लागते, याचे एक जुने कारण आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सोलला निघालेले कोरियन एअर लाइन्सचे विमान ठरलेल्या मार्गापासून भरकटत कामचात्कावर आणि पुढे साखालिनवर गेले. सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडले आणि त्यातील सर्व २६९ जण मृत्युमुखी पडले.

या वाटेत नवे फारसे काही नाही. सोव्हिएत संघ आपल्या आकाशातून मुक्तपणे जाऊ देत नसे, तेव्हा युरोप-जपान वाहतुकीचा मोठा भाग अलास्कातील अँकरेजला थांबूनच होत असे. कोपनहेगन–अँकरेज–टोकियो हा ध्रुवीय मार्ग स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने फेब्रुवारी १९५७ मध्ये डीसी-७सी या पंख्याच्या विमानांनी सुरू केला. एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरने डीसी-१० विमानाची इंधनक्षमता वाढवून हेलसिंकी–टोकियो उड्डाण विनाथांबा केले. ते ध्रुव आणि बेरिंगच्या सामुद्रधुनीवरूनच जात असे आणि त्याला तेरा तासांच्या आसपासच वेळ लागत असे. पुढे सायबेरियाचे आकाश खुले झाले आणि ही वाट मागे पडली. एकोणचाळीस वर्षांनी तीच कंपनी, तेच दोन बिंदू आणि तेवढेच तास परत आले. ध्रुवावरून नेल्याचे प्रमाणपत्र आणि स्टिकर प्रवाशांना देऊन कंपनीने त्याचे थोडे कौतुकही करून घेतले.

रोजची निवड

दक्षिणेचे ११,५०० आणि उत्तरेचे १०,९०० किलोमीटर हे आकडे पाहिले की उत्तरेची वाट जवळची, मग दुसरी कशाला, असे वाटते. येथे वारा पुन्हा मध्ये येतो. दक्षिणेची वाट बराच वेळ झोतवाऱ्यांच्या पट्ट्यातून जाते. पूर्वेकडे जाताना सरासरी ताशी ६० किलोमीटर वारा पाठीशी मिळाला असे समजा. वेग ९६० होतो आणि ११,५०० किलोमीटर अकरा तास एकोणसाठ मिनिटांत संपतात. ध्रुवावरून, वाऱ्याची मदतही नाही आणि अडथळाही नाही असे धरल्यास, १०,९०० किलोमीटरला ९०० च्या वेगाने बारा तास सात मिनिटे लागतात. सहाशे किलोमीटर लांबची वाट आठ मिनिटे लवकर पोहोचवते. परतताना तोच वारा दक्षिणेच्या वाटेवर समोरून येतो, वेग ८४० वर उतरतो आणि तीच वाट तेरा तास एक्केचाळीस मिनिटांची होते. ध्रुवाची वाट मात्र तेवढीच राहते. म्हणून कोणत्या दिवशी कोणती वाट घ्यायची, हे उड्डाणापूर्वी काही तास ताज्या हवामान-अंदाजावरून ठरते. प्रवाशाला तिकीट काढताना वेळ सांगितली जाते, वाट सांगितली जात नाही. त्याच क्रमांकाचे उड्डाण आज तुर्कस्तानवरून तर उद्या ध्रुवावरून जाऊ शकते. अंतराचा रकाना अशा उड्डाणासाठी काय भरावा, हा प्रश्न कोष्टक करणाऱ्याला पडायला हवा.

ध्रुवाच्या वाटेला तिच्या स्वतःच्या अटी आहेत. दोन इंजिनांच्या विमानाने, एक इंजिन बंद पडल्यास ठराविक मिनिटांत गाठता येईल असा पर्यायी विमानतळ नेहमी आवाक्यात ठेवावा लागतो. एअरबस ए३५०-९०० ला युरोपीय नियामकाने २०१४ मध्ये ३७० मिनिटांपर्यंतची मंजुरी दिली नसती, तर ही वाट दोन इंजिनांवर वापरणे अवघड झाले असते. १९८३ मध्ये हा प्रश्न नव्हता, कारण डीसी-१० ला तीन इंजिने होती. दुसरी अट इंधनाच्या तापमानाची. जेट ए-१ हे इंधन उणे ४७ अंश सेल्सिअसला गोठू लागते आणि ध्रुवाजवळची हवा त्याहून थंड असू शकते. टाकीतले तापमान फार उतरू लागल्यास वैमानिक खाली, उबदार थरात येतो किंवा वेग वाढवतो, कारण हवेच्या घर्षणाने आणि दाबाने विमानाचे बाह्यांग थोडे तापते. दोन्ही उपायांनी वेळेचा आणि इंधनाचा हिशेब हलतो. तिसरी गोष्ट संपर्काची. विषुववृत्ताच्या वर स्थिर असणारे उपग्रह सुमारे ८१ अंश अक्षांशापलीकडे क्षितिजाखाली जातात, तेव्हा लघुलहरी रेडिओसारख्या जुन्या साधनांवर भिस्त ठेवावी लागते, आणि सौरवादळात नेमका तोच रेडिओ दगा देतो. होकायंत्रही तेथे निरुपयोगी असल्याने दिशा चुंबकीय उत्तरेऐवजी भौगोलिक उत्तरेवरून मोजतात.

घड्याळ आणि तारीख

तिकिटावरच्या वेळांवरून उड्डाणाचा कालावधी काढताना अनेक जण चुकतात. जपानचे घड्याळ वर्षभर जागतिक प्रमाणवेळेच्या नऊ तास पुढे असते. फिनलंडचे हिवाळ्यात दोन आणि उन्हाळ्यात तीन तास पुढे. म्हणजे दोन शहरांमधील फरक हिवाळ्यात सात तासांचा आणि उन्हाळ्यात सहा तासांचा. समजा, हिवाळ्यात विमान हेलसिंकीहून सायंकाळी साडेपाचला निघाले आणि तेरा तासांनी पोहोचले. हेलसिंकीत तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतील आणि टोकियोत दुपारचा दीड. तिकिटावर साडेपाच ते दुसऱ्या दिवशीचा दीड असा वीस तासांचा प्रवास दिसेल. परतीच्या तिकिटावर याच्या उलट, तेरा तास केवळ सहा भासतात. ध्रुवाच्या वाटेवर तर विमान मध्येच अलास्काच्या बाजूला जाते, जेथे कॅलेंडर मागे असते, आणि मग आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून जपानच्या पुढच्या तारखेत शिरते.

एका विमानाचा दिवस

वेळ साडेनऊ तासांवरून तेरावर गेली, म्हणजे वाढ सदतीस टक्क्यांची. खर्च मात्र याच प्रमाणात वाढून थांबत नाही. लांबच्या उड्डाणासाठी जादा घेतलेले इंधन स्वतःच वजन असते आणि ते वाहून नेण्यासाठी आणखी इंधन जळते. जादा वजनाच्या साधारण तीन ते चार टक्के इंधन दर तासाला केवळ ते वजन वर ठेवण्यात खर्ची पडते, असा वैमानिकी ठोकताळा आहे. इंधनाने व्यापलेले वजन मालवाहतुकीतून वजा होते. वैमानिकांनी आळीपाळीने विश्रांती घेण्याचे नियम कडक असल्याने तीनऐवजी चार वैमानिक न्यावे लागतात.

सर्वांत मोठा फटका मात्र चोवीस या संख्येने दिला आहे. जाताना साडेनऊ आणि येताना दहा तास असताना दोन्ही फेऱ्या मिळून साडेएकोणीस तास होत. टोकियोत आणि हेलसिंकीत साफसफाई, इंधन व प्रवाशांच्या चढउतारासाठी साडेचार तास उरत, आणि एकच विमान दररोज त्याच वेळी पुन्हा निघू शकत असे. हेलसिंकीच्या भौगोलिक स्थानाचा हाच फायदा फिनएअर अभिमानाने सांगत असे, कारण युरोपातील आणखी पश्चिमेच्या शहरांना तो मिळत नव्हता. तेरा आणि तेरा मिळून सव्वीस तास होतात. विमान जमिनीवर एक मिनिटही थांबले नाही, तरी ते दुसऱ्या दिवशीच्या आपल्या वेळेला हेलसिंकीत परतलेले नसते, आणि पूर्वी एका विमानावर चालणाऱ्या रोजच्या सेवेसाठी आता दुसरे विमान धावपट्टीवर आणावे लागते.